उष्णतेचा हिशेब कायद्यातच हवा

डिसेंबरातल्या एका सकाळची गोष्ट. महिला वॉर्डात राऊंड सुरू होता. दम्याने दाखल झालेल्या एका आजींनी मला थांबवून विचारले, ‘डॉक्टर, अंगावर घ्यायला थोडं गरम पाणी मिळंल का? चार दिस झालं.’ मी सिस्टरांकडे पाहिले. वॉर्डातला गीझर बंद होता, दुरुस्तीचा कागद गेलेला होता आणि गच्चीवरच्या सौर संचाचे पाणी पहिल्या दोन वॉर्डांतच संपत होते. राऊंड आटोपून बाहेर आलो तेव्हा वीज गेली होती आणि मागच्या आवारात मोठा जनरेटर धडधडत होता. त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वाऱ्यापाशी पाच-सहा नातेवाईक हात शेकत उभे होते. एका बाईने बाळाची दुपटी कठड्यावर वाळत टाकली होती. सोबत आलेले वॉर्डातले मामा म्हणाले, ‘साहेब, ही आमची फुकटची शेकोटी.’

ती फुकटची नव्हती. तिचे डिझेल सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आले होते. डिझेल जनरेटरमध्ये जाळलेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने ३५ ते ४० टक्क्यांचीच वीज होते. साधारण ३० टक्के ऊर्जा धुराड्यातून आणि २५ टक्क्यांच्या आसपास इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून उष्णता म्हणून निघून जाते. म्हणजे आजींना बादलीभर गरम पाणी मिळत नव्हते तेव्हा भिंतीपलीकडे शेकडो बादल्या तापतील एवढी उष्णता आम्ही आकाशात सोडत होतो. रुग्णालय कोणते हे सांगण्यात अर्थ नाही. राज्यातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मागच्या आवारात हेच दृश्य दिसेल.

मी अभियंता नाही, फिजिशियन आहे. पण तीस वर्षांत एक गोष्ट पुरती कळली आहे, की रुग्णालय हे उष्णतेवर चालणारे घर आहे. शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला १२१ किंवा १३४ अंशांची वाफ लागते. रक्ता-पूने माखलेल्या चादरी धुवायला ७० अंशांपुढचे पाणी लागते. शेकडो रुग्णांचा स्वयंपाक वाफेवर होतो. साठवलेले गरम पाणी ६० अंशांखाली रेंगाळले तर त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात, हेही आम्हाला शिकवले जाते. आणि ऑपरेशन थिएटर बारा महिने, चोवीस तास थंड ठेवावे लागते. ही थंडीसुद्धा उष्णतेपासून तयार करता येते, ते पुढे सांगतो. एकाच आवारात वीज आणि उष्णता, दोन्ही वर्षभर लागणारी जागा रुग्णालयाइतकी दुसरी क्वचितच सापडेल. तरीही आपण वीज एका बाजूने विकत घेतो, बॉयलरला डिझेल दुसऱ्या बाजूने विकत घेतो आणि या दोघांची कधी गाठ घालून देत नाही.

साखर कारखान्याला ठाऊक असलेली गोष्ट

या गाठीचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. ‘सहवीज प्रकल्प’ हा शब्द सहकारी साखर कारखान्यांच्या प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येतो. बगॅस जाळून वाफ करायची, ती आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढायची आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या, अजूनही पुरेशा गरम असलेल्या वाफेवर उसाचा रस आटवायचा. एकाच जळणातून दोन कामे. हेच नैसर्गिक वायूच्या इंजिनावर एखाद्या इमारतीच्या तळघरातही करता येते. इंजिनातून वीज, धुराड्याच्या उष्णतेतून वाफ आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून आंघोळीचे पाणी.

उलट, कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांचे प्रचंड शीतकरण मनोरे आठवा. त्यांच्या डोक्यावर दिसणारे पांढरे ढग म्हणजे कोळशातली अशी ऊर्जा, जिची वीज झाली नाही आणि जिचे गिऱ्हाईकही जवळपास नव्हते. शंभर युनिट कोळसा-ऊर्जेतून साधारण ३५ युनिट वीज हाती लागते. बाकीची बरीचशी उष्णता पाणी आणि हवा तापवण्यात जाते.

युरोपला या उष्णतेची किंमत आपल्याआधी कळली, कारण तिथे थंडी आहे. लंडनमधल्या बॅटरसी वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता १९५० पासून थेम्स नदीखालून नळांतून नेऊन पलीकडच्या पिमलिको भागातली घरे उबदार ठेवली जात. १९८३ मध्ये केंद्र बंद पडेपर्यंत हे चालले. डेन्मार्कला १९७३ च्या तेलसंकटाचा जबर फटका बसला, कारण त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर होती. त्या देशाने १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा स्वतंत्र कायदाच केला. कोणत्या वस्तीला कुठून उष्णता मिळेल याची आखणी नगरपालिकांनी करायची, असे त्यात ठरले. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे नळातून येणाऱ्या सामायिक उष्णतेवर उबदार राहतात. नेदरलँड्समधले टोमॅटो पिकवणारे शेतकरी तर काचघराशेजारी वायूचे इंजिन चालवतात. वीज विकतात, उष्णता झाडांना देतात आणि शुद्ध केलेल्या धुरातला कार्बन डायऑक्साइडही झाडांनाच देतात.

व्याख्या हेच औषध

मात्र युरोपकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट मला यंत्रांत दिसत नाही, ती कायद्यात दिसते. युरोपीय संघाने ११ फेब्रुवारी २००४ रोजी सहवीजनिर्मितीविषयीचा निर्देश काढला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच ‘उपयुक्त उष्णतेच्या मागणीवर आधारित’ असे शब्द आहेत. सगळी मेख या शब्दांत आहे. उष्णता निर्माण झाली एवढ्याने भागत नाही. ती कुणाला तरी खरोखर हवी असली पाहिजे, आणि ही सोय नसती तर त्या गिऱ्हाइकाने ती बाजारभावाने दुसरीकडून घेतली असती, अशी ती गरज असली पाहिजे. ही गरज गारव्याची असली तरी चालते.

डॉक्टरला हे पटकन समजते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात किती रुग्णांची नोंदणी झाली, किती गोळ्या वाटल्या, एवढ्यावर आम्ही यश मोजत नाही. किती जणांनी उपचार पुरे केले आणि किती जणांच्या थुंकीतले जंतू गेले, हे मोजतो. रक्तदाबाची गोळी लिहून दिली म्हणजे रक्तदाब उतरला असे होत नाही. तसेच सहवीज प्रकल्पाची कोनशिला बसली म्हणजे इंधन वाचले असे होत नाही.

युरोपचा मापदंड समजायला कठीण नाही. समजा, वायूवर चालणारे एक इंजिन शंभर युनिट इंधनातून ४० युनिट वीज आणि ४० युनिट उपयुक्त उष्णता देते. हीच वीज आणि हीच उष्णता वेगवेगळी तयार केली असती तर किती इंधन लागले असते? तुलनेसाठी युरोपीय आयोगाने तक्ता ठरवून दिला आहे. २०१६ पासून उभारलेल्या वायूच्या वीजकेंद्राची कार्यक्षमता ५३ टक्के आणि गरम पाण्याच्या बॉयलरची ९२ टक्के धरायची. त्या हिशेबाने ४० युनिट विजेला सुमारे ७५.५ आणि ४० युनिट उष्णतेला सुमारे ४३.५, असे मिळून ११९ युनिट इंधन लागले असते. आपण १००मध्ये भागवले, म्हणजे जवळपास १६ टक्के बचत झाली. ही बचत किमान १० टक्के असेल तरच त्या प्रकल्पाला ‘उच्च कार्यक्षमतेचा’ म्हणायचे. एक मेगावॉटपेक्षा लहान प्रकल्पांना थोडी सूट आहे, पण बचत दाखवावीच लागते.

आता त्याच इंजिनाची उष्णता वापरलीच नाही असे समजा. मग तेच यंत्र ४० टक्के कार्यक्षमतेचे साधे वीजकेंद्र ठरते, म्हणजे चांगल्या वायू-केंद्रापेक्षाही वाईट. यंत्र तेच, फरक पडला तो शेजारी गिऱ्हाईक आहे की नाही याचा. म्हणून कायद्याने गिऱ्हाइकाकडे बघायला शिकवले.

पुढे २०१२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमतेचा मोठा निर्देश आला आणि जुना सहवीज निर्देश त्यात विलीन झाला. आपल्या देशात उष्णता कुठे वाया जाते आणि कुठे लागते याची पाहणी प्रत्येक सदस्य देशाने २०१५ अखेरपर्यंत करायची, असे त्यात आले. २० मेगावॉटपेक्षा जास्त औष्णिक क्षमतेचे वीजकेंद्र नव्याने बांधायचे असेल, तर उष्णता वापरता येईल का याचा खर्च-लाभ अभ्यास आधी करायचा, हेही आले. २०२३ मध्ये हा निर्देश पुन्हा लिहिला गेला तेव्हा अट आणखी आवळली. जीवाश्म इंधनावर चालणाऱ्या नव्या सहवीज प्रकल्पाने वीज आणि उष्णता मिळून दर युनिट ऊर्जेमागे २७० ग्रॅमपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडला, तरच तो उच्च कार्यक्षमतेचा.

या २७० ग्रॅमचे गणित करून पाहण्यासारखे आहे. नैसर्गिक वायूच्या एका युनिट ऊर्जेमागे साधारण २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे इंधनातली निदान पाऊण ऊर्जा कामी लावली, तरच वायूचा प्रकल्प या अटीत बसतो. दगडी कोळशाच्या युनिटमागे सुमारे ३४० ग्रॅम निघतो. त्यामुळे कितीही काटकसर केली तरी कोळसा बाहेरच राहतो. कोळशाचे नावही न घेता कायद्याने दार बंद केले. एक मेगावॉटपेक्षा मोठ्या डेटा सेंटरने आपली वाया जाणारी उष्णता वापरात आणावी, आणि शक्य नसेल तर तसे दाखवून द्यावे, असेही आता तिथे बंधन आहे. नवी मुंबईत एकामागून एक डेटा सेंटरे उभी राहत असताना हे वाक्य आपल्या नगररचनाकारांनी वाचायला हरकत नाही.

ब्रसेल्सहून गावापर्यंत

इथे एक बारकावा आहे. युरोपीय निर्देश थेट कायदा नसतो. साध्य काय करायचे ते ब्रसेल्समध्ये ठरते, पण कसे करायचे ते प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात लिहायचे असते, तेही ठरलेल्या तारखेच्या आत. २००४ च्या निर्देशासाठी ही तारीख २१ फेब्रुवारी २००६ होती, २०१२ च्या निर्देशासाठी ५ जून २०१४ आणि २०२३ च्या निर्देशातल्या बहुतेक तरतुदींसाठी ११ ऑक्टोबर २०२५.

सगळे देश वेळेवर धावले असे समजू नका. २०१२ च्या निर्देशाच्या वेळी जवळजवळ सगळ्याच सदस्य देशांना युरोपीय आयोगाच्या नोटिसा गेल्या. हंगेरी आणि ग्रीसला तर २०१५ मध्ये आयोगाने युरोपीय न्यायालयात खेचले आणि दररोजच्या हिशेबाने दंड मागितला. टाळाटाळ ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही. पण तिथे तारीख उलटली की कुणीतरी लेखी विचारतो आणि कुणालातरी लेखी उत्तर द्यावे लागते.

या नियमांनी चमत्कार घडवला असेही मी म्हणणार नाही. युरोपीय संघाच्या एकूण विजेत सहविजेचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास आहे आणि दोन दशकांत तो फारसा हललेला नाही. वायू महाग झाला, वारा आणि सूर्याची वीज स्वस्त झाली, आणि इंजिन बसवण्यातला फायदा आटला. पण या नियमांमुळे दोन गोष्टी झाल्या. खोट्या सहविजेला अनुदान मिळणे अवघड झाले, आणि उष्णता हा मोजण्याचा, नकाशावर मांडण्याचा विषय झाला. आजच्या निर्देशाप्रमाणे ४५ हजारांहून अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकांनी उष्णता आणि गारव्याचा स्थानिक आराखडा करायचा आहे. ४५ हजार म्हणजे आपल्याकडचे तालुक्याचे गाव.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००३ च्या वीज कायद्यात सहवीजनिर्मितीची व्याख्या आहे. विजेसह दोन किंवा अधिक प्रकारची उपयुक्त ऊर्जा एकाच वेळी देणारी प्रक्रिया, असा तिचा आशय. तिला प्रोत्साहन देण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगांवर सोपवले आहे. पण ‘उपयुक्त’ म्हणजे किती आणि कुणाला, हे त्या व्याख्येत नाही.

मोजमाप त्याआधीच, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या नोव्हेंबर १९९६ च्या ठरावात आले होते. वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग, ही बेरीज वापरलेल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक असावी, असे ते सूत्र. पुढे नवीकरणीय विजेच्या दर-नियमांत बगॅसवरच्या प्रकल्पांसाठीही ते आले. साखर कारखान्यांना ते ठीक बसते. वीस टक्के वीज आणि पन्नास टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता असली की काम झाले. पण हेच सूत्र वायूच्या आधुनिक केंद्राला लावून पाहा. त्याची वीजच ५० टक्क्यांच्या पुढे असते. निव्वळ गणिताने पाहिले तर चहापुरते पाणी तापवूनही ते केंद्र परीक्षा पास होईल. दुसऱ्या वाटेने किती इंधन लागले असते, हा युरोपचा प्रश्न आपल्या सूत्रात विचारलेलाच नाही.

दुसरा कायदा २००१ चा, ऊर्जा संवर्धनाचा. त्यातून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो उभा राहिला, इमारतींसाठी संहिता आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती वाढली. १०० किलोवॉट जोडभाराची इमारत त्या कक्षेत येते, म्हणजे कुठलेही मोठे रुग्णालय येतेच. रुग्णालयातल्या गरम पाण्याचा काही भाग सौर उष्णतेने किंवा उष्णता परत मिळवून भागवावा, अशी तरतूदही संहितेत आहे. ती चांगलीच आहे, पण आराखड्यापुरती. नकाशा मंजूर झाल्यावर पाचव्या वर्षी गच्चीवरचा संच चालू आहे का, हे विचारणारे कुणी नाही. शिवाय ही संहिता आधी राज्याने अधिसूचित करायची, मग ती महापालिकांच्या बांधकाम नियमांत उतरायची. युरोपातल्या निर्देशासारखाच हा दोन-तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. फरक इतकाच, की आपल्या पायऱ्यांवर ना तारीख लिहिलेली आहे ना उशिराचा दंड.

‘आपल्याकडे थंडी कुठे आहे?’

हा प्रश्न मला बांधकाम विभागातल्या एका अभियंता मित्राने विचारला. प्रश्न रास्त आहे. घरे उबदार ठेवण्याची गरज आपल्याला नाही. पण इचलकरंजीच्या आणि सोलापूरच्या कापड प्रक्रिया उद्योगाला वाफ लागते, दूध संघांना लागते, औषध कारखान्यांना लागते आणि रुग्णालयांना लागते. शिवाय उष्णतेतून गारवा तयार करणारी यंत्रे जुनीच आहेत. विजेवरच्या कॉम्प्रेसरऐवजी गरम पाण्यावर किंवा वाफेवर चालणारा शीतकरण संच थिएटर थंड ठेवू शकतो. दिल्लीत एम्सच्या जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटरमध्ये जर्मन सहकार्याने असा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला गेला. वायूच्या इंजिनातून वीज आणि त्याच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतून गारवा. प्रात्यक्षिक झाले, पण त्यातून नियम तयार झाला नाही.

माझे स्वतःचे आक्षेपही सांगतो. पहिला डॉक्टर म्हणून. दूरच्या वीजकेंद्रातला धूर उचलून रुग्णालयाच्या आवारात आणला तर तो माझ्याच दमेकऱ्यांच्या खिडकीत येईल. वायूच्या इंजिनातूनही नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली राष्ट्रीय मर्यादा ४० आहे आणि कित्येक शहरे तीही पाळू शकत नाहीत. तेव्हा धुराड्याची उंची, जागा आणि उत्सर्जनाची तपासणी यांशिवाय असा प्रकल्प नकोच. जे इंधन जाळावेच लागले नाही त्याचा धूर कुणाच्याच फुप्फुसात जात नाही, हा खरा आरोग्यलाभ आहे आणि तो हिशेब नीट मांडला तरच मिळतो.

दुसरा आक्षेप असा, की वीज गेल्यावरच चालणाऱ्या जनरेटरची उष्णता वर्षभराच्या गरजेला पुरणार नाही. आमच्या आवारातली ती शेकोटी दिवसातून तास-दोन तासांची. सहवीज खऱ्या अर्थाने तिथेच परवडते जिथे इंजिन रोज बरेच तास चालते, नळाने वायू मिळतो आणि उष्णतेला कायम गिऱ्हाईक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक रुग्णालयांना आंघोळीच्या पाण्यासाठी सौर संच किंवा हीट पंपच स्वस्त पडेल. एसीच्या यंत्रातून बाहेर फेकली जाणारी उष्णतासुद्धा पाणी तापवायला वापरता येते. म्हणून माझी मागणी ‘प्रत्येक रुग्णालयात इंजिन बसवा’ अशी नाही. रोग कळण्याआधी औषध लिहू नये. आधी उष्णता मोजा, म्हणजे कुठे काय लागू पडेल ते दिसेल.

चार मागण्या

पहिली, ऊर्जा संवर्धन कायद्याखालील नियमांत ‘उपयुक्त उष्णता’ या शब्दांची स्पष्ट व्याख्या यावी, तीत गारव्यासाठी वापरलेली उष्णताही धरावी, आणि सहविजेचा दर्जा वेगवेगळ्या निर्मितीच्या तुलनेत वाचलेल्या इंधनावर ठरावा. साखर कारखान्यांनाही यात भीती नाही. हंगामात रस आटवणारी त्यांची वाफ या कसोटीवर उत्तम उतरेल. हंगामाबाहेर नुसत्या विजेसाठी बगॅस जाळला तर ती नवीकरणीय वीज राहीलच, फक्त तिला सहवीज म्हणता येणार नाही. नावे खरी असलेली बरी.

दुसरी, नवे मोठे सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय मंजूर करताना उष्णता आणि गारव्याचा खर्च-लाभ अभ्यास सक्तीचा असावा. इमारत उभी राहिल्यावर वाफेचे नळ टाकणे म्हणजे पोट शिवल्यावर स्पंज मोजण्यासारखे आहे.

तिसरी, जुन्या रुग्णालयांत बॉयलरला, गरम पाण्याला आणि जनरेटरच्या डिझेलला मीटर लावून वर्षाचा ताळेबंद प्रसिद्ध व्हावा. आज वीजबिल एका टेबलावर, बॉयलरचे इंधन दुसऱ्या आणि धुलाईचे कंत्राट तिसऱ्या टेबलावर असते. रुग्णालयात एकूण ऊर्जा किती लागते, हे कोणत्याही अधीक्षकाला एका आकड्यात सांगता येत नाही. रुग्णाचे तापमान, नाडी आणि रक्तदाब तीन वेगवेगळ्या खोल्यांत, तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहिले तर निदान कसे होणार?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, या प्रत्येक गोष्टीला तारीख असावी आणि ती उलटली तर विधिमंडळाच्या पटलावर कारण ठेवण्याचे बंधन असावे. दंडापेक्षाही, जाहीर उत्तर देण्याची सवय मला मोठी वाटते.

यातून वाचणारा पैसा रुग्णालयाच्या एकूण खर्चात फार मोठा दिसणार नाही, असे कुणी म्हणेल. पण सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला ठाऊक असते, की महिनाअखेरीला इन्हेलर संपतात तेव्हा कमतरता काही कोटींची नसते, काही हजारांची असते. डिझेलचे बिल मात्र भागवावेच लागते, कारण जनरेटर थांबला तर आयसीयू थांबते. म्हणून त्या डिझेलमधून निघणारी प्रत्येक कामाची गोष्ट पदरात पाडून घेणे, हेही रुग्णसेवेतच येते.

त्या आजी आठव्या दिवशी घरी गेल्या. गीझर त्यानंतर दुरुस्त झाला. मधल्या दिवसांत मावशींनी स्वयंपाकघरातून एक बादली गरम पाणी आणून त्यांना दिले होते, स्वतःच्या अंगाखांद्यावर उचलून, जिन्याने. आपली व्यवस्था आजवर अशा मावशींच्या भल्या मनावर चालत आली आहे. त्यांच्या खांद्यावरची बादली उतरवायची असेल, तर उष्णतेचा हिशेब कुणाच्या तरी लेखी जबाबदारीत यायला हवा.